चूक होणारच, पण जीव का जावा?

गोव्यातल्या मराठी वर्तमानपत्रांत एक शब्द नेहमी वाचायला मिळतो: स्वयंअपघात. दुचाकीस्वार एकटाच होता, समोरून कुणी आलं नाही, मागून कुणी ठोकलं नाही, तो आपणच पडला आणि गेला, असा त्याचा अर्थ. ‘ताबा सुटल्याने’ हा त्याचा जोडीदार. या दोन शब्दांत प्रकरण मिटतं. गेला तो, आणि चूकही त्याचीच.

मला हा शब्द पटत नाही. त्याच बातमीत दोन ओळी पुढे वाचलं की कळतं, गाडी विजेच्या खांबावर आदळली. किंवा उघड्या गटारात गेली. किंवा दुभाजक जिथून सुरू होतो त्या काँक्रीटच्या टोकावर, नाहीतर अंधारात रस्त्यावर बसलेल्या गुरांवर. म्हणजे तो एकटा नव्हताच. खांब होता, गटार होतं, दुभाजक होता. ते तिथे कुणीतरी ठेवलं होतं, किंवा हलवायचं राहून गेलं होतं.

रस्त्यावरचे मृत्यू आणि गंभीर दुखापती शून्यावर आणण्याचं एक धोरण गेली काही वर्षं जगभर चर्चेत आहे. त्याला ‘व्हिजन झिरो’ म्हणतात, मी इथे ‘शून्य बळी’ म्हणेन. त्या धोरणाचं सगळं सार या खांबापाशी आहे. माणूस चुकेल हे आधीच धरून चाला आणि रस्ता असा बांधा की त्या चुकीची किंमत जीव नसेल.

शून्य कशाचं?

पहिला गैरसमज दूर करू. शून्य अपघात असा याचा अर्थ नाही. म्हापशाच्या बाजारात दोन स्कूटर एकमेकींना घासणार, आरसा फुटणार, थोडी बाचाबाची होणार. ते होऊ दे. शून्य करायचे आहेत ते मृत्यू, आणि आयुष्यभर सोबत राहणाऱ्या दुखापती.

कल्पना स्वीडनची. ऑक्टोबर १९९७ मध्ये तिथल्या संसदेने हे धोरण मंजूर केलं. त्याआधी तिथेही आपल्यासारखंच चालायचं. गाड्या वाढल्या की माणसं मरणार, जसा जून आला की पाऊस येणार. खर्च आणि फायदा यांचा हिशेब मांडून किती मृत्यू चालवून घ्यायचे ते ठरायचं. तिथले रस्ता सुरक्षेचे तज्ज्ञ क्लेस टिंगवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेबच नाकारला. वाहतूक जलद व्हावी म्हणून कुणाचा जीव देता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

हे फार मोठं वाटत असेल तर आपल्या घरातली वीज आठवा. लहान मुलाने सॉकेटमध्ये बोट घातलं, ओल्या हाताने कुणी बटण दाबलं, तर ‘त्याचीच चूक’ म्हणून आपण गप्प बसत नाही. मीटरच्या पेटीत ईएलसीबी बसवतो. गळती झाली की क्षणात वीज तुटते. ते यंत्र बसवताना आपण गृहीत धरलेलं असतं की या घरात कधीतरी कुणीतरी चुकणार. शून्य बळी म्हणजे रस्त्याला बसवलेला ईएलसीबी.

आता आकडे. स्वीडनमध्ये १९९७ साली रस्त्यावर ५४१ माणसं मेली. अलीकडच्या वर्षांत हा आकडा दोनशे ते सव्वादोनशेच्या आसपास असतो. लोकसंख्या साधारण एक कोटी पाच लाख. गोव्याची लोकसंख्या पंधरा-सोळा लाख आणि आपल्या रस्त्यांवर वर्षाला अडीचशे ते तीनशे माणसं जातात. पर्यटकांची गर्दी धरूनसुद्धा हे गणित अंगावर येतं. आपल्या सातपट माणसं राहतात तिथे आपल्याइतकेही बळी जात नाहीत. आपल्याकडच्या या मृतांत सगळ्यात जास्त दुचाकीवाले, आणि त्यांत तरुण पोरं फार.

माडावरून पडण्याचा हिशेब

या धोरणाचा सगळ्यात पक्का आधार माणसाच्या शरीराचा आहे. हाडं, मेंदू, यकृत, प्लीहा यांना किती धक्का सोसतो हे ठरलेलं आहे. कायदा बदलून ते बदलत नाही.

ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने आदळणं म्हणजे साधारण साडेतीन मीटरवरून खाली पडणं. पोफळीवर थोडं चढून हात सुटावा तसं. हाड मोडेल, पण बहुतेक माणसं वाचतात. ५० च्या वेगाला तीच उंची जवळजवळ १० मीटर होते, म्हणजे चांगला वाढलेला माड. ६० ला १४ मीटर. त्या उंचीवरून नारळ काढणारा पाडेली पडला तर काय होतं हे आपल्या गावांतून वेगळं सांगायला नको. वेग दुप्पट केला की उंची चौपट होते, ही यातली खरी मेख आहे. म्हणून ‘थोडंच जोरात होतो’ हे वाक्य फसवं. सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका साधारण ४ टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

थांबण्याचंही तसंच. समोर मूल आलं हे दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो. ३० च्या वेगात, कोरड्या रस्त्यावर, गाडी साधारण १३-१४ मीटरमध्ये उभी राहते. ६० मध्ये ३५ मीटरच्याही पुढे जाते. आषाढात, कडेची लाल माती डांबरावर वाहून आलेली असताना, पन्नास मीटर धरा. मूल जर वीस मीटरवर असेल तर पहिला चालक शिव्या देऊन पुढे जातो, आणि दुसऱ्याचा ब्रेक नीट लागायच्या आधीच सगळं झालेलं असतं. दोघांची नजर सारखी, दोघेही शुद्धीत, मूलही तेच. फरक फक्त वेगाचा.

म्हणून या धोरणाचा सगळ्यात आग्रहाचा नियम असा की जिथे चालणारी माणसं, सायकली आणि मोटारी एकाच रस्त्यावर आहेत तिथे वेग ३० च्या वर नको. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यातही हेच आहे. आपल्या देशात केंद्राने २०१८ साली काढलेल्या अधिसूचनेत नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींसाठी कमाल मर्यादा ताशी ७० आहे, दुचाकींसाठी ६०. राज्यांना आणि स्थानिक प्रशासनाला ती खाली आणता येते. म्हणजे दार बंद नाही, उघडायचं राहिलंय.

पाटीने वेग उतरत नाही

पण नुसती ३० ची पाटी ठोकून काही होत नाही. चालक पाटी वाचण्याआधी रस्ता वाचतो. रुंद, सरळ, नुकताच हॉटमिक्स केलेला रस्ता त्याला सांगत असतो, ‘चल, मोकळं आहे.’ आपण वर्षानुवर्षं हॉटमिक्सची मागणी करतो. खड्ड्यांनी हाडं खिळखिळी झाल्यावर ती करणारच, त्यात गैर काही नाही. पण डांबर गुळगुळीत होताना पदपथ, वळणावरचा कठडा, उंच केलेलं क्रॉसिंग यांतलं काहीच सोबत आलं नाही तर आपण फक्त वेग वाढवून घेतलेला असतो.

राष्ट्रीय महामार्ग ६६ घ्या. पत्रादेवीपासून पोळेपर्यंत हा रस्ता गोव्याच्या पोटातून जातो. धारगळ, कोलवाळ, पर्वरी, बांबोळी, कुठ्ठाळी, पुढे काणकोणपर्यंत. दुपदरी होता तेव्हाही वस्ती त्याच्या दोन्ही बाजूंना होती. बऱ्याच भागात तो चौपदरी झाला तरी वस्ती तिथेच आहे. शाळा या बाजूला, देऊळ त्या बाजूला, बसथांबा पलीकडे. पहाटे सायकलवर पाव घेऊन निघालेला पदेर, दुपारी शेतातून परतणारी म्हातारी, संध्याकाळी कदंब बसमधून उतरणारी पोरं, सगळ्यांना तो ओलांडायचाच आहे. लांबच्या प्रवासाचा रस्ता आणि गावचा रस्ता ही दोन कामं एकाच डांबरावर आली की बळी जाणारच. उपाय माहीत असलेले आहेत. सेवा रस्ता सलग हवा, मध्येच संपणारा नको. भुयारी मार्ग लोक मुळात जिथून ओलांडतात तिथे हवा, आराखड्यात सोयीचा पडतो तिथे नको. आणि त्यात पावसाचं पाणी तुंबता कामा नये, नाहीतर म्हातारी पुन्हा दुभाजकाच्या फटीतूनच जाणार.

स्वीडनने काय केलं? त्यांच्याकडे ग्रामीण भागात समोरासमोरच्या टकरी फार व्हायच्या. त्यांनी रुंद दुपदरी रस्त्यांचे तीन पदर आखले. कधी या बाजूला दोन, कधी त्या बाजूला, आळीपाळीने ओव्हरटेकची संधी. आणि मधोमध पोलादी तारांचा कठडा ओढला. चालकाला डुलकी लागली तर गाडी तारांवर जाते, गाडी खरवडते, माणूस घरी जातो. अशा रस्त्यांवरचे मृत्यू सुमारे तीन चतुर्थांशांनी घटले. चालकांना डुलक्या यायच्या थांबल्या नव्हत्या.

आपल्या आकाराचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतलं होबोकेन बघा. साठ हजार वस्तीचं दाट शहर, म्हणजे म्हापशाहून मोठं. २०१७ पासून सलग सात वर्षं तिथे रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. त्यांनी केलेल्या कामांत मला सगळ्यात आवडलेलं काम अगदी स्वस्तातलं आहे. चौकाच्या कोपऱ्यालगत गाडी उभी करायची नाही, तिथे खांब किंवा कुंड्या ठेवायच्या. त्याने ओलांडणारा माणूस आणि वळणारा चालक एकमेकांना आधीच दिसतात. आता मडगावचा कुठलाही कोपरा डोळ्यांसमोर आणा. नाक पुढे काढल्याशिवाय गाडी दिसत नाही, आणि नाक पुढे काढलं की तीच गाडी अंगावर.

जवळचं सांगायचं तर मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग. २०१६ पासून तिथे ‘शून्य बळी मार्ग’ असा प्रकल्प राबवला गेला. प्रत्येक जीवघेण्या अपघाताच्या जागी जाऊन नेमकं काय आपटलं ते शोधलं गेलं. पुलाचे उघडे खांब झाकले, कठड्यातल्या फटी बुजवल्या, कडेला उभ्या राहणाऱ्या ट्रकांवर लक्ष ठेवलं. चार-पाच वर्षांत मृत्यू निम्म्याहून कमी झाले. चालक तेच होते, आपलेच.

मग दारू पिऊन चालवणाऱ्याला मोकळं सोडायचं?

हा प्रश्न नेहमी येतो आणि तो रास्त आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बाणास्तारीच्या पुलावर एका मोटारीने वाहनांना धडक देत तिघांचा जीव घेतला. चालक दारूच्या नशेत असल्याचा आरोप झाला आणि सगळा गोवा पेटून उठला. तो संताप योग्यच होता. शून्य बळीच्या धोरणात चालकाची जबाबदारी सुटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्या गुन्ह्याला १० हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही सक्तीचं आहे, पट्टा लावून. पोलीस तपासणी जितकी नियमित तितकं बरं.

फरक इतकाच की हे धोरण तिथे थांबत नाही. चालकाला शिक्षा झाली तरी पुढचा प्रश्न शिल्लक राहतो: इथे इतका वेग घेता आलाच कसा, आणि उद्या दुसरा कुणी चुकला तर? आपल्या कायद्यातही याची सोय आहे, फार थोड्यांना ती ठाऊक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आणलं. रस्त्याच्या रचनेचे, बांधकामाचे किंवा देखभालीचे ठरवून दिलेले निकष न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित प्राधिकरण, कंत्राटदार किंवा सल्लागार यांना १ लाखापर्यंत दंड. रक्कम तुटपुंजी वाटेल. पण रस्ता बांधणाराही अपघाताला जबाबदार असू शकतो हे कायद्याने मान्य केलं, ही छोटी गोष्ट नाही. वाढीव दंड गोव्यात १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. त्यांची चर्चा तिठ्यातिठ्यावर झाली, १९८अ ची कुठेच झाली नाही.

‘ब्लॅक स्पॉट’ हा आणखी एक सरकारी शब्द. केंद्राच्या व्याख्येनुसार महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं मेली, की ती जागा अपघातप्रवण ठरते आणि दुरुस्तीच्या यादीत जाते. यादी हवीच. पण व्याख्या पुन्हा एकदा वाचा. रांगेत नंबर लागायला आधी माणसं पडावी लागतात. शून्य बळीचं म्हणणं नेमकं उलट: रस्ता खुला होण्याआधीच सुरक्षा तपासणी करा, आणि ‘थोडक्यात वाचला’ अशा घटनांचीही नोंद ठेवा. हल्ली पोलीस अपघाताची जागा मोबाइलवरून ई-डार या राष्ट्रीय प्रणालीत नोंदवतात. ती माहिती नीट वापरली तर पाचव्या अपघाताची वाट बघावी लागणार नाही.

जे मरत नाहीत त्यांचं काय

धोरणाच्या व्याख्येत ‘गंभीर दुखापत’ हे शब्द आहेत, आणि ते आपण पटकन ओलांडून जातो. माझा मावसभाऊ चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान घेऊन येत होता. पुढे पायांपाशी पिशवी, हँडलला नारळांचा घड. कडेच्या मातीवर चाक सरकलं आणि गाडी चिऱ्यांच्या भिंतीवर गेली. हेल्मेट होतं, डोकं वाचलं. उजवा पाय तीन ठिकाणी मोडला. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, डॉक्टरांनी पाय राखला, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. तीन शस्त्रक्रिया, दोन वर्षं, वर्कशॉपमधली नोकरी गेली, मुलीचं कॉलेज एक वर्ष लांबलं. मावशी अजून त्याच्या पायऱ्या उतरण्याचा आवाज ऐकत दारात उभी असते. बळींच्या यादीत त्याचं नाव नाही. बातमीतल्या चार ओळींत तो ‘जखमी’ होता, आणि अर्थात तो स्वयंअपघात होता.

त्या दिवशी त्याला आधी उचललं ते मागून येणाऱ्या एका मोटरसायकल पायलटने, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाल्याने. पूर्वी लोक पोलिसांच्या झंझटीला घाबरून हात लावत नसत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचनांना कायद्याचं बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४अ आलं. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही. १०८ ला फोन करा, रक्त वाहत असेल तिथे कापड दाबून धरा, मान हलवू नका. २०२५ पासून देशभर रोखरहित उपचारांची योजनाही आहे. अपघातानंतर सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंतचा खर्च.

घोषणा करून थांबलं तर

हे धोरण सगळीकडे यशस्वी झालं असं मुळीच नाही. लॉस एंजेलिसने २०१५ मध्ये दहा वर्षांत शून्याचा संकल्प सोडला आणि पुढे मृत्यू वाढले. रस्ते मात्र फारसे बदलले नव्हते. भारतानेही रस्ता सुरक्षेच्या २०१५ च्या ब्राझिलिया जाहीरनाम्यावर सही करून २०२० पर्यंत मृत्यू निम्मे करायचं ठरवलं होतं. २०२३ साली देशात १ लाख ७२ हजारांहून जास्त माणसं गेली. आता उद्दिष्ट २०३० चं आहे. रस्ता सुरक्षा सप्ताहातली रॅली आणि गुलाबाची फुलं वाईट नाहीत, पण त्यांनी दुभाजकाचं टोक बोथट होत नाही.

गोव्याला मात्र मी आशेने बघतो. राज्य लहान आहे, कुठलाही धोकादायक तिठा पणजीहून दोन-अडीच तासांपलीकडे नाही, आणि आपल्याकडे ग्रामसभा खऱ्याखुऱ्या भरतात, तिथे लोक भांडतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते, तिच्याकडे लेखी मागणी करता येते. मागणी नेमकी हवी. ‘रस्ता सुरक्षित करा’ या अर्जाला उत्तर येत नाही. ‘वळणावरचा थांबा चाळीस मीटर पुढे न्या’ याला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

भावाच्या अपघातानंतर आम्ही चौघे-पाच जण एका रविवारी सकाळी त्या तिठ्यावर वही घेऊन उभे राहिलो. बस नेमकी वळणाच्या पोटात थांबते, तिच्या पुढून ओलांडणारी पोरं उतारावरून येणाऱ्याला दिसतच नाहीत. कोपऱ्यावरची चिऱ्यांची भिंत छातीपर्यंत, त्यावर घाणेरीचं झुडूप. कडेची माती डांबरापेक्षा चार बोटं वर आलेली, म्हणून पहिल्या पावसात ती रस्त्यावर उतरते. एका तासात आम्ही सात वेळा करकचून दाबलेले ब्रेक मोजले. हे सगळं फोटो काढून, मोजमाप लिहून ग्रामसभेत मांडलं आणि ठराव एकमताने झाला. अर्ज कार्यालयातून कार्यालयात आठ महिने फिरला.

भिंतीच्या मालकाने मात्र कुणी सांगायच्या आधीच चिऱ्यांच्या तीन ओळी उतरवून घेतल्या. झुडूप त्याच्या मुलाने तोडलं. गेल्या मे महिन्यात कडेची माती खरवडून निघाली आणि उतारावर पांढऱ्या पट्ट्यांचा गतिरोधक आला. आता कोपऱ्यावरून पोरं दिसतात. बसथांबा अजून वळणातच आहे, त्याचा अर्ज पुढच्या ग्रामसभेत पुन्हा येणार आहे.